शिवणीतली माया : पुरुषांचे कपडे पारखताना

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराईला आरंभ होतो आणि पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा येथील कापड दुकानांत गर्दी वाढू लागते. अशा दुकानात थोडा वेळ उभे राहिल्यास एक गोष्ट सहज लक्षात येते. साडी घेणारी बाई पदर उलगडते, लगेच तो उलटा करून पाहते, काठ बोटांत धरते, जरीवरून नख फिरवते, दाराजवळच्या उजेडात नेऊन वीण न्याहाळते आणि मगच किमतीचा विषय काढते. शेजारच्या पुरुष विभागात मात्र नवरदेव कोट अंगावर चढवतो, आरशात एकदा समोरून व एकदा बाजूने पाहतो, ‘बरा दिसतो’ असे सोबतच्या मित्राकडून ऐकतो आणि पैसे मोजून मोकळा होतो. कोटाची आतली बाजू त्याने पाहिलेली नसते. किंबहुना ती पाहायची असते, हेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

प्रस्तुत लेखकही त्याच पंक्तीतला होता. काही वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी एका तयार कपड्यांच्या दुकानातून गडद निळा ब्लेझर घेतला. तो अंगावर छान बसला, छायाचित्रांतही उठून दिसला. पुढे एक पावसाळा गेला, एकदा ड्रायक्लीनिंग झाले आणि कोटाच्या छातीवर भाजल्यासारखे बारीक फोड उठले. इस्त्रीने ते बसेनात. त्याच सुमारास पुढचे एक लग्न आले, तेव्हा नाइलाजाने वडिलांचा जुना कोट कपाटातून बाहेर काढला. तो माझ्या जन्मापूर्वी म्हापशातल्या एका शिंप्याकडे शिवलेला होता. छातीत आणि कमरेत तो घट्ट होत होता. शिंप्याच्या मुलाने, आता तेच दुकान चालवतात, अस्तराची कड थोडी उसवली, शिवणीच्या आत बोट घातले आणि ते म्हणाले, “माया भरपूर आहे, होईल.”

शिवणीच्या पलीकडे आत दुमडून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला आपल्याकडे ‘माया’ म्हणतात. माणूस पुढे सुटेल, मूल वाढेल, कपडा दुसऱ्याच्या अंगावर जाईल, हे गृहीत धरून शिंपी ती सोडतो. बाहेरून ती दिसत नाही, तिचे वेगळे पैसेही पडत नाहीत. चांगला कपडा कोणता, या प्रश्नाचे उत्तर बरेचसे या एका शब्दात सामावले आहे. जो बनवताना पुढच्या वापराचा आणि दुरुस्तीचा विचार झालेला आहे, तो चांगला. आणि हा विचार झाला आहे की नाही, हे कपडा उलटा केल्याशिवाय कळत नाही. कोट, जीन्स आणि चामड्याचे जाकीट या तीन वस्तूंवर पुरुषांचा सर्वाधिक पैसा खर्च होतो आणि फसवणूकही त्यांतच जास्त होते. म्हणून या तिन्हींची आतली बाजू क्रमाने पाहू.

कोटाच्या पोटात काय असते?

कोटाचा पुढचा भाग तीन थरांचा असतो. बाहेर कापड, आत अस्तर आणि या दोहोंच्या मध्ये त्याला आकार देणारा एक थर. हा मधला थर हेच कोटाचे हाड होय आणि किमतीतला मुख्य फरकही तिथेच पडतो.

जुन्या पद्धतीत हा थर कॅनव्हासचा असे. लोकर किंवा सुती धाग्यासोबत घोड्याचे वा शेळीचे केस विणून केलेले हे ताठ पण लवचीक कापड. ते बाहेरच्या कापडाला असंख्य सैल टाक्यांनी जोडतात. टाके सैल असल्याने दोन्ही थर स्वतंत्रपणे हलतात आणि काही महिन्यांच्या वापरानंतर कोट त्या माणसाच्या छातीचा आकार घेतो. दुसरी पद्धत चिकटवण्याची. पाठीला गोंद असलेले बकरम उष्णता आणि दाब देऊन कापडावर चिकटवतात. काही तासांचे हातकाम काही सेकंदांत उरकते, म्हणून कोट स्वस्त मिळतो. चिकटवलेला प्रत्येक कोट वाईट असतो असे नव्हे. चांगल्या कारखान्यातला असा कोट बरीच वर्षे टिकतो. मात्र गोंद हलका असेल तर ड्रायक्लीनिंगची रसायने, जास्त तापलेली इस्त्री आणि दमट हवा यांमुळे तो जागोजागी सुटतो आणि कापडावर फोड येतात. माझ्या ब्लेझरचे नेमके हेच झाले होते. सुटलेला गोंद पुन्हा धड बसत नाही. उसवलेला टाका मात्र पुन्हा घालता येतो.

या दोहोंमधला मार्ग म्हणजे छाती आणि कॉलरची पुढची पाती एवढ्या भागात कॅनव्हास आणि खाली चिकटवलेले बकरम. याला ‘हाफ कॅनव्हास’ म्हणतात. मध्यमवर्गीय खिशाला आणि वर्षाकाठी मोजक्या समारंभांना तो पुरेसा आहे.

हे दुकानात कसे ओळखावे? कोटाच्या शेवटच्या बटणाच्या जरा खाली, एका हाताच्या चिमटीत बाहेरचे कापड आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत अस्तर धरून दोन्ही हलकेच वेगळे ओढावे. मध्ये तिसरा सुटा थर बोटांना जाणवला तर पूर्ण कॅनव्हास आहे. हाताला दोनच थर लागले आणि बाहेरचे कापड पुठ्ठ्यासारखे ताठ वाटले, तर ते चिकटवलेले आहे. हीच परीक्षा छातीपाशी केली की हाफ कॅनव्हासही कळतो. यासाठी अर्धा मिनिट लागतो आणि विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून राहावे लागत नाही.

यानंतर मापांचा प्रश्न येतो. तयार कोटात काय दुरुस्त होते आणि काय होत नाही, हे आधी ठाऊक असले पाहिजे. बाहीची लांबी, कमरेचा घेर, पँटची उंची या गोष्टी कोणताही बरा शिंपी जुळवून देतो. खांदा मात्र सुधारणे अतिशय कठीण आणि महाग काम आहे. खांद्याची शिवण आपल्या खांद्याचे हाड जिथे संपते तिथेच संपली पाहिजे. ती खाली उतरत असेल तर तो कोट तिथेच ठेवून द्यावा. कोटाची कॉलर मानेमागे शर्टाच्या कॉलरला टेकलेली हवी, मध्ये पोकळी नको. मुंढा, म्हणजे बाही जोडलेली जागा, बगलेच्या शक्य तितकी जवळ असावी. बरेच जण सैल मुंढ्याला आरामशीर समजतात. प्रत्यक्षात मुंढा खाली असला की हात वर करताच अख्खा कोट वर उचलला जातो. वर बेतलेल्या मुंढ्यात हात मोकळा हलतो आणि कोट जागेवर राहतो.

कापडावरचे आकडे आणि आपली हवा

सुटाच्या कापडाच्या किनारीवर ‘सुपर १००’, ‘सुपर १२०’, ‘सुपर १५०’ असे आकडे असतात आणि आकडा जितका मोठा तितके कापड श्रेष्ठ, अशी समजूत करून दिली जाते. वास्तविक हा आकडा केवळ लोकरीच्या तंतूची जाडी सांगतो. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार सुपर १०० लोकरीचा तंतू सरासरी १८.७५ मायक्रॉनपेक्षा जाड नसावा लागतो, सुपर १२० चा १७.७५ आणि सुपर १५० चा १६.२५ पेक्षा. तंतू बारीक झाला की कापड मऊ आणि झुळझुळीत होते, पण त्याच प्रमाणात नाजूकही होते. गुडघ्यांवर, कोपरांवर आणि बसण्याच्या जागी ते लवकर झिजते. ज्याच्याकडे एकच सूट असणार आहे, त्याने सुपर १०० ते १२० च्या पुढे जाण्याचे कारण नाही.

आपल्या हवेत त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे विणीतली मोकळीक. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि डिसेंबरातल्या लग्नाच्या मांडवातही घाम सुटतो. अशा ठिकाणी घट्ट पीळ दिलेल्या धाग्याची, साध्या विणीची, जाळीदार लोकर उपयोगी पडते. कापड उजेडासमोर धरल्यावर बारीक छिद्रांतून प्रकाश दिसला पाहिजे. वजन मीटरला २५० ग्रॅमच्या आसपास पुरे. लोकर म्हणजे थंडीचे कापड, ही आपली समजूत या कापडाला लागू पडत नाही. उलट पॉलिएस्टर आणि रेयॉनच्या मिश्रणाचे स्वस्त सुटिंग हलके असूनही घाम शोषत नाही. कापड मुठीत घट्ट चुरगाळून सोडावे. चांगली लोकर थोड्याच वेळात आपण होऊन सरळ होते. लिननला मात्र ही कसोटी लावू नये. सुरकुती हा त्याचा स्वभावच आहे आणि तो मान्य असेल तरच ते घ्यावे.

अस्तराकडेही लक्ष असू द्यावे. बाहेरून उत्तम लोकर आणि आतून पूर्ण पॉलिएस्टरचे अस्तर असेल तर अंगाला लागते ते पॉलिएस्टरच. पाठीकडे अर्धेच अस्तर असलेला कोट आपल्याकडे अधिक सुखाचा. असा कोट शिवणे सोपे नसते, कारण अस्तराखाली झाकली जाणारी प्रत्येक शिवण तिथे उघडी पडते आणि नीट बांधून घ्यावी लागते. त्यामुळे शिवणाऱ्याचा हात कसा आहे हेही आयतेच दिसते.

रोजची जीन्स

कोट वर्षातून पाच-सहा वेळा निघतो, जीन्स मात्र रोजची. म्हणून तिची निवड अधिक विचाराने व्हायला हवी, पण होते नेमके उलट.

या जाड निळ्या कापडाशी आपले नाते जुने आहे. इंग्रजीतला ‘डंगरी’ हा शब्द मुंबईच्या डोंगरी या वस्तीवरून आला. तिथे मिळणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडाला ते नाव पडले आणि पुढे त्या कापडाच्या कष्टकऱ्यांच्या पोशाखाला. ‘इंडिगो’ या शब्दाच्या मुळाशीही भारताचेच नाव आहे. ‘डेनिम’ हे नाव फ्रान्समधील नीम या गावावरून आणि ‘जीन्स’ हे इटलीतील जिनोव्हावरून आल्याचे सर्वसाधारणपणे मानतात. आज आपण घालतो त्या जीन्सचा जन्म मात्र अमेरिकेतला. खाणकामगारांच्या आणि मजुरांच्या पँटचे खिसे वारंवार फाटत. जेकब डेव्हिस या शिंप्याने ताणाच्या जागी तांब्याच्या रिव्हेट ठोकण्याची युक्ती काढली. लेव्ही स्ट्रॉस यांच्यासोबत त्याने तिचे पेटंट घेतले, तारीख २० मे १८७३. फाटणारी जागा आधी ओळखून ती बळकट करणे, हा विचार या वस्तूच्या जन्मापासूनच तिच्यासोबत आहे.

डेनिममध्ये ताण्याचे धागे निळीत रंगवलेले आणि बाण्याचे धागे पांढरे असतात. ताण्याचे धागे दोरखंडासारखे एकत्र करून निळीच्या हौदात बुडवतात, बाहेर काढून हवेत धरतात आणि पुन्हा बुडवतात. हौदातून निघालेला हिरवट पिवळा धागा हवा लागताच निळा होतो. नीळ धाग्याच्या आतपर्यंत शिरत नाही, थरांवर थर असे तिचे कवच बसते आणि गाभा पांढराच राहतो. म्हणूनच वापराने वरचे कवच झिजून जीन्स फिकी पडते. गुडघ्यामागच्या घड्या, मोबाइल ठेवण्याच्या खिशाची चौकट, बसण्याची ढब हे सारे हळूहळू तिच्यावर उमटते.

बाजारातल्या बहुतेक जीन्सवर ही झीज कारखान्यातच घडवून आणलेली असते. दगडांसोबत धुऊन, विकरे वापरून, घासून, कधी लेझरने जाळून नव्या पँटला जुनी केले जाते. म्हणजे आपण विकत घेतो तेव्हाच तिचे थोडे आयुष्य संपलेले असते. असे काहीही न केलेल्या, विणून रंगवून तशीच शिवलेल्या डेनिमला ‘रॉ डेनिम’ म्हणतात. आपण तिला कोरी डेनिम म्हणू. ती गडद, ताठ आणि सुरुवातीला अंगाला टोचणारी असते. नवी कोल्हापुरी वहाण पहिले काही दिवस चावते आणि मग पायाची होते, तशीच ही.

कोरी डेनिम घेताना तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, कापड आधी आटवलेले आहे काय? सॅनफर्ड क्लुएट यांनी १९३० च्या सुमारास कापड यंत्रावर आधीच आटवून घेण्याची पद्धत आणली, तिला ‘सॅनफराइज्ड’ म्हणतात. असे कापड पुढे नाममात्र आटते. न आटवलेले कापड सात ते दहा टक्क्यांपर्यंत आटू शकते. ३४ इंच उंचीच्या पँटमध्ये दहा टक्के म्हणजे तीन इंचांहून अधिक. उंची कमी करून घेण्याची घाई केली तर पहिल्याच धुण्यात पँट घोट्याच्या वर जाते. दुसरी गोष्ट वजन. डेनिमचे वजन औंसांत सांगतात. १४ औंस म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४७५ ग्रॅम. हौशी मंडळी २१ औंसांची पँट अभिमानाने मिरवतात, पण आपल्या उकाड्यात १० ते १२ औंस पुरे. तिसरी गोष्ट ताणाचा धागा. इलॅस्टेन मिसळलेली जीन्स पहिल्या दिवसापासून मऊ लागते खरी, पण तो धागा उष्णतेने आणि वापराने मरतो, मग गुडघे फुगतात. ताणाची जीन्स हवी असल्यास जरूर घ्यावी, मात्र तिच्याकडून दीर्घायुष्याची अपेक्षा धरू नये.

आता ‘सेल्व्हेज’ या शब्दाविषयी. पायाची कड दुमडून आतला लाल धाग्याचा काठ दाखवण्याची पद्धत तरुणांत रूढ आहे. हा काठ धोट्याच्या मागावर विणलेल्या कापडाचा असतो. इचलकरंजीत धोट्याचे यंत्रमाग ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे लगेच उमगेल. धोटा बाण्याचा धागा घेऊन इकडून तिकडे आणि परत येतो, धागा मध्ये तुटत नाही, म्हणून कापडाचा काठ आपोआप बंद होतो. नव्या वेगवान मागांवर प्रत्येक फेरीत धागा कापला जातो आणि कडा मोकळ्या राहतात. धोट्याच्या मागावर कापडाचा पन्हा जेमतेम ३० इंच भरतो, नव्या मागांवर त्याच्या दुप्पट. वेळ आणि कापड दोन्ही जास्त लागत असल्याने सेल्व्हेज महाग पडते. जपानमधील कोजिमा हे गाव अशा डेनिमसाठी जगभर ओळखले जाते. अमेरिकेत ग्रीन्सबरो येथील प्रसिद्ध ‘व्हाइट ओक’ गिरणी मात्र २०१७ अखेर बंद पडली. असे असले तरी काठ हा केवळ मागाचा पुरावा आहे, सुताच्या दर्जाचा नव्हे. निकृष्ट सूतही धोट्याच्या मागावर विणता येते. केवळ लाल धागा दाखवून कोणी दुप्पट पैसे मागत असेल तर पँट उलटी करावी. खिशाच्या आतले कापड जाड सुती आहे की विरविरीत? आसनापाशी चार शिवणी एकत्र येतात, तिथली शिलाई दुहेरी दुमडून घातलेली आहे की नुसत्या ओव्हरलॉकवर भागवले आहे? खिशांच्या कोपऱ्यांवर घट्ट टाके आहेत काय? जीन्स फाटते ती बहुधा आसनापाशी आणि खिशांपाशीच.

कोरी डेनिम सहा महिने धुवू नये, असा एक सल्ला फार पसरला आहे. तो थंड, कोरड्या प्रदेशांतला असावा. आपल्या घामाच्या हवेत तो पाळू नये. घाम आणि मळ साचला की सूत कमकुवत होते आणि पहिल्यांदा आसन विरते. पँट उलटी करून थंड पाण्यात, सौम्य साबणाने धुवावी आणि सावलीत वाळवावी. पहिले काही महिने ती रंग सोडते, तेव्हा दुसऱ्याच्या घरच्या पांढऱ्या सोफ्यावर बसताना भान ठेवावे. आणि ती विरू लागली की भोक पडण्याची वाट न पाहता रफू करून घ्यावे.

चामडे : सर्वांत फसवी वस्तू

गोव्यात चामड्याचे जाकीट कशाला, असा प्रश्न वाचक विचारतील आणि तो रास्त आहे. समुद्रकाठी राहणाऱ्या बहुतेकांना त्याची गरज नाही. परंतु डिसेंबरच्या पहाटे चोर्ला घाटातून बेळगावकडे मोटारसायकलने जाणारे तरुण आहेत, बोटीवर नोकरी करणारे आहेत, युरोपात स्थायिक झालेले किंवा होऊ पाहणारे आहेत. जाताना इथूनच जाकीट घेऊन जाणारेही पुष्कळ. त्यांच्यासाठी चार शब्द.

जनावराच्या कातड्याचा वरचा थर घट्ट तंतूंचा आणि मजबूत असतो, खालचा सैल असतो. वरचा थर न घासता तसाच ठेवलेले चामडे ‘फुल ग्रेन’. त्यावर रंध्रे, बारीक चरे, एखादा जुना व्रणही दिसतो. डाग लपवण्यासाठी वरचा थर घासून, त्यावर रंगाचा लेप देऊन ठसा उठवलेले चामडे ‘करेक्टेड ग्रेन’. ते एकसारखे दिसते, पण त्याला वयाची शोभा येत नाही. खालचा सैल थर वेगळा काढून त्यावर प्लास्टिकचा लेप चढवतात, तेही चामडेच. म्हणून ‘जेन्युइन लेदर’ एवढ्याच शब्दांवरून वस्तू चामड्याची आहे इतकेच कळते, कोणत्या थराची हे कळत नाही. रंध्रांची नक्षी सर्वत्र हुबेहूब सारखी असेल तर ती यंत्राच्या ठशाची आहे, असे खुशाल समजावे.

यापलीकडे ‘पीयू लेदर’ आहे. हे चामडे नव्हेच, कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा लेप आहे. हवेतला ओलावा हळूहळू या लेपाची रासायनिक साखळी तोडतो. न वापरता कपाटात ठेवलेली चप्पल दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सोडू लागते किंवा कार्यालयातल्या खुर्चीची पाठ सोलवटते, ते याच कारणाने. आपल्या किनाऱ्यावर पीयूचे जाकीट घेणे म्हणजे मुदत ठरलेली वस्तू घेणे होय.

कमावण्याची पद्धतही पाहावी. जाकिटाचे चामडे बहुतेक क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. ते काम लवकर होते आणि चामडे मऊ राहते. वनस्पतींच्या सालींनी कमावलेले चामडे तयार व्हायला आठवडे लागतात, ते सुरुवातीला ताठ असते आणि वापराने तुकतुकीत होते. कोल्हापुरी वहाणेचे चामडे परंपरेने बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात. २०१९ मध्ये या वहाणेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्यासोबत बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे जिल्हेही आहेत. त्यामुळे सीमाभागातल्या वाचकांना चामड्याच्या पारखीसाठी फार दूर जावे लागणार नाही. घरातली जुनी वहाण हातात घेऊन तिची कापलेली कड पाहिली तरी पुरे. खऱ्या चामड्याची कड तंतुमय दिसते, पीयूच्या कडेला लेप आणि खालचे कापड वेगवेगळे दिसतात.

जाकिटात पाहायच्या गोष्टी मोजक्या आहेत. पाठीचा तुकडा शक्यतो अखंड असावा. जागोजागी जोड असतील तर उरलेल्या तुकड्यांतून काम भागवले आहे. मेंढीचे चामडे मऊ आणि नाजूक, शेळीचे हलके आणि चिवट, गाई-म्हशीचे जड आणि टणक. चेन धातूची आणि न अडखळता चालणारी हवी. न्यूयॉर्कच्या अर्व्हिंग शॉट यांनी १९२८ मध्ये चेन लावलेले मोटारसायकलचे जाकीट काढले. त्याची तिरकी चेन नुसती शोभेची नव्हती. पुढे दोन पदर एकमेकांवर आल्याने वारा आत शिरत नसे आणि वाकून गाडी चालवताना चेन पोटात रुतत नसे. आज दुकानांत मिळणारी अनेक जाकिटे हाच घाट उचलतात, पण त्यांचे चामडे कागदासारखे पातळ असते. असे जाकीट अपघातात अंग वाचवत नाही. गाडीसाठी घ्यायचे असेल तर जाड चामडे आणि खांद्या-कोपरांना संरक्षक पट्ट्या असलेलेच घ्यावे. या बाबतीत दिसण्याला महत्त्व नाही.

पावसाळ्यात चामड्यावर पांढरी बुरशी चढते. जाकीट प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये, सुती आवरणात, रुंद खांद्याच्या हँगरवर ठेवावे. पंधरा दिवसांनी बाहेर काढून वारा द्यावा. भिजले तर उन्हात किंवा आगीजवळ न धरता सावलीत वाळवावे.

हिशेब आणि शिंपी

हे सारे वाचून ‘चांगले म्हणजे महाग’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. समजा, सहा हजारांचा कोट वीस वेळा घालून निकामी झाला, तर प्रत्येक वेळेचे तीनशे रुपये पडले. पंधरा हजारांचा कोट दहा वर्षांत दीडशे वेळा घातला, तर शंभर पडले. मात्र पंधरा हजार एकरकमी काढणे प्रत्येकाला शक्य नसते, हेही तितकेच खरे. ज्याच्यापाशी पैसा थोडा आहे त्यालाच वारंवार खरेदी करावी लागते, हा या व्यवहारातला जुना अन्याय आहे. त्यावर एकच व्यवहार्य उपाय आहे, तो म्हणजे जो काही खर्च होईल तो आतली बाजू पाहून करणे. हजाराच्या शर्टातही शिवण सरळ आणि टाके जवळजवळ असू शकतात, खिशावरची चौकडी छातीच्या चौकडीशी जुळलेली असू शकते. आणि पाच हजारांच्या शर्टातही या गोष्टी नसू शकतात.

दुसरा उपाय आपल्या शेजारचा शिंपी. कापड घेऊन त्याच्याकडे जाताना महिनाभराचा अवधी हाताशी ठेवावा. लग्नाच्या आठवडाभर आधी गेल्यास तो तरी काय करणार! कच्च्या शिलाईवर एक आणि नंतर आणखी एक, अशा दोन ट्रायल मागाव्यात. माप देताना जे बूट आणि जो शर्ट घालणार तोच घालून जावे. पोट आत ओढून उभे राहू नये. आणि माया सोडायला स्पष्ट सांगावे. पँटच्या मागच्या शिवणीत, कोटाच्या दोन्ही बाजूंना, बाहीच्या टोकाशी. तयार कपड्यांत कापडाची बचत म्हणून नेमकी हीच माया कापलेली असते. त्यामुळे दोन किलो वजन वाढले की पँट टाकून द्यावी लागते.

यात शिंप्याचेही काही पणाला लागलेले आहे. आमच्या वाड्याच्या वाटेवर माझ्या लहानपणी तीन शिवण दुकाने होती, आज एकच उरले आहे आणि तिथेही बहुतांश काम पँटची उंची कमी करण्याचे असते. जो कपडा उसवून पुन्हा शिवता येत नाही, तो शिंप्याच्या उपयोगाचा नसतो. आपण सारे तसेच कपडे घेत राहिलो, तर ज्या दिवशी खरोखर दुरुस्तीची गरज पडेल त्या दिवशी हात असलेला माणूसच सापडणार नाही.

वडिलांचा तो कोट त्या लग्नात मी घातला. त्यानंतरही अनेक समारंभांना घातला. गेल्या वर्षी तो पुन्हा घट्ट वाटू लागला म्हणून त्याच दुकानात नेला. त्यांनी अस्तराची कड पुन्हा उसवली, आत बोट फिरवले आणि दोन्ही बाजू मिळून पाऊण इंच सैल करून दिला. निघताना मी विचारले, आता काही उरले आहे काय? “अजून अर्धा इंच आहे,” ते म्हणाले, “जपून जेवा.”

या लग्नसराईत कोट घ्यायला जाल, तेव्हा आरशापुढे उभे राहण्याआधी तो एकदा उलटा करून पाहा.